अण्णांचा काळा स्क्रीन आणि पावणेदोन तासांचा हिशोब

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय:

"ताई, आमचं सोलापुरात औषधांचं होलसेल आहे, आजोबांपासून. दिवसाला दीडशेच्या आसपास बिलं होतात. १९९९ पासून एकच सॉफ्टवेअर, डॉसवरचं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जमान्यातलं, काळा स्क्रीन पांढरी अक्षरं, आणि ते चालवतात अण्णा, त्यांना चोवीस वर्षं झाली आमच्याकडे. मी एमबीए करून आलो तेव्हा मला खरं सांगायचं तर लाज वाटायची तो स्क्रीन बघून. शिवाय गेल्या मे महिन्यात अण्णा मुलीच्या लग्नासाठी आठ दिवस सुट्टीवर होते तर आमचं बिलिंगच ठप्प, मी आणि बाबा हाताने बिलबुकात लिहीत बसलो. म्हणून दिवाळीनंतर बाबांच्या मागे लागून ब्राउझरमधे चालणारं नवीन सॉफ्टवेअर घेतलं, अण्णांना नवीन लॅपटॉप पण दिला. आता तीन महिने झाले. अण्णा आधी सहाला घरी जायचे, आता पावणेआठ होतात. दोनदा एकाच मेडिकलला एकाच मालाची दोन बिलं गेली. परवा अण्णा म्हणाले, मला जमत नाही, दुसरा माणूस बघा. बाबा म्हणतात जुनं चालू कर. व्हेंडर म्हणतो तुमच्या माणसाला बदल नकोय, ट्रेनिंग द्या. मला पण वाटतं वय झालं की नवीन शिकणं जड जातं. अण्णांना कसं समजावू?"

तू अठ्ठावीसचा आहेस असं लिहिलंयस म्हणून सरळ तू म्हणते. आणि सरळच सांगते की अण्णांना समजवायची गरज नाहीये, त्यांना सगळं समजलंय, फक्त ते काय समजलंय ते त्यांना तुझ्या भाषेत सांगता येत नाहीये म्हणून ते "मला जमत नाही" म्हणतायत. चोवीस वर्षं एका जागी बसून काम केलेला माणूस असं म्हणतो तेव्हा दहातल्या नऊ वेळा त्याचा अर्थ "हे जमण्यासारखं नाहीये" असा असतो पण मालकाच्या पोराला कसं बोलणार.

मी स्वतः हे काळे स्क्रीन लिहिलेत. नव्वदच्या दशकात पुण्यात फॉक्सप्रोमधे (डेटा ठेवणारे प्रोग्रॅम लिहायचं तेव्हाचं साधन) पतसंस्था, आडत दुकानं, असल्यांची सॉफ्टवेअरं करून द्यायचे, त्यामुळे अण्णांची बाजू मला जरा आतून माहितीये आणि त्या जुन्या प्रकरणातल्या खोड्या पण माहितीयेत, त्यावर येते नंतर.

आधी हे कर. उद्या दुपारी चार वाजता, म्हणजे तालुक्याच्या गाड्यांचा माल निघायची घाई असते तेव्हा, अण्णांच्या शेजारी स्टूल टाकून बस. मोबाईल खिशात. अर्धा तास काही बोलू नकोस, सूचना नको, "इथे क्लिक करा ना" तर अजिबात नको. कागदावर तीनच गोष्टींच्या रेघा मारायच्या: अण्णांचा हात कीबोर्डवरून किती वेळा उठला, ऑर्डरच्या चिठ्ठीवरून नजर किती वेळा उठून स्क्रीनवर गेली, आणि हात-नजर दोन्ही तयार असताना कंप्युटरसाठी किती वेळा थांबावं लागलं. मग संध्याकाळी जुन्या मशीनवर अण्णांना सहज म्हण, दहा बिलं मारून दाखवा मला. तिथेही रेघा मार. दुसऱ्या कागदावर बहुतेक काही उमटणारच नाही, कारण तिथे हात उठतच नाही.

माउसचं एक गणित आहे, ते सांगते कारण तुला एमबीएत आकडे आवडत असतील. १९८० साली स्टुअर्ट कार्ड, टॉम मोरान आणि अ‍ॅलन नेवेल या तिघांनी मोजून काढलं होतं की सरावलेल्या माणसाला कुठल्या हालचालीला किती वेळ लागतो. सरावाच्या पण मध्यम वेगाच्या टायपिस्टला एक बटण दाबायला साधारण ०.२ सेकंद. कीबोर्डवरचा हात माउसवर न्यायला ०.४. माउसचा बाण हव्या त्या जागी न्यायला सरासरी १.१. मग क्लिक, मग परत हात कीबोर्डवर आणायला पुन्हा ०.४. म्हणजे माउसची एक फेरी झाली साधारण दोन सेकंदांची, तेवढ्यात अण्णांची दहा बटणं दाबून होतात. यातले पहिले दोघे झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रातले बरं का, म्हणजे जिथे खिडक्या आणि माउसवाला स्क्रीन वाढला तिथलेच, त्यामुळे माउसशी कुणाचं वैर होतं म्हणून हे आकडे आलेत असं नाही.

आता तुझ्या दुकानाला लावून बघ. समज एका ओळीला चार माउसफेऱ्या, आयटम निवडायला एक, बॅच निवडायला एक, स्कीमचा फुकट माल टाकायला एक, "अ‍ॅड" बटणाला एक. झाले आठ सेकंद. एका बिलात पाच ओळी धर, चाळीस सेकंद. दीडशे बिलं. सहा हजार सेकंद, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. तू लिहिलंयस सहाचे पावणेआठ झाले. मी काही ज्योतिषी नाही, पण बघ जमतंय का.

आणि ही नुसती माउसची रक्कम झाली. जास्त त्रास ज्याचा आहे तो लोकांना दिसतच नाही, तो म्हणजे नजर. अण्णांच्या कामाला जुन्या भाषेत म्हणायचं तर मान खाली घालून केलेली एन्ट्री म्हणतात. डावा हात चिठ्ठीवर, एक बोट चालू ओळीवर, उजवा हात नंबर पॅडवर, पाचच्या बटणावर जो छोटा उंचवटा असतो ना तो त्याच्यासाठीच असतो, बोटाला घर कळावं म्हणून. नजर चिठ्ठीवर. स्क्रीनकडे बघायचं फक्त बिल संपल्यावर, टोटल डोळ्याखालून घालायला. चुकीचा कोड पडला की मशीन "टूंक" करायचं, अण्णांना ते कानाने कळायचं. नवीन सॉफ्टवेअरमधे काय होतं? चूक झाली की कोपऱ्यात एक छान लाल ओळ येते, अगदी शांतपणे, आणि अण्णा तोपर्यंत पुढच्या तीन ओळी बडवून मोकळे, ज्या कुठेच गेलेल्या नाहीत. मग मागे जा, शोधा, परत मारा. असं दिवसातून चार वेळा झालं की माणूस घाबरून प्रत्येक बटणानंतर मान वर करून बघायला लागतो, आणि एकदा का ती मान वर-खाली सुरू झाली की वेग गेला, आणि मान पण गेली. संध्याकाळी अण्णा मानेला हात लावून बसतात का बघ.

अजून एक. जुन्या स्क्रीनवर अण्णा कंप्युटरच्या पुढे पळू शकायचे. डॉसच्या मशीनमधे दाबलेली पंधरा बटणं रांगेत थांबायची सोय होती, फॉक्सप्रोत आम्ही ती रांग वाढवून पण द्यायचो, त्यामुळे स्क्रीन मागे राहिला तरी हात थांबायचा नाही, बटणं एकामागोमाग आपापल्या खान्यात जाऊन पडायची, नेहमी त्याच क्रमाने, कधीच दगा नाही. रिझर्वेशनच्या खिडकीवर तू लहानपणी बघितलं असशील ना, आपला फॉर्म हातात घेऊन आतला माणूस स्क्रीनकडे न बघता काय ते खडखड करतो आणि वर मान करून एकदम विचारतो, "वेटिंग आहे, देऊ?" तीच गोष्ट ती. ब्राउझरमधे मधेच एखादी यादी लोड होत असेल, एखादी छोटी खिडकी वर आली असेल, तर तेवढ्या वेळात दाबलेली बटणं भलत्याच खान्यात जातात किंवा हवेत जातात.

तुझी दोन-दोन बिलं पण यातूनच झाली असणार असं मला वाटतंय. सेव्ह दाबलं, नेट हळू होतं, स्क्रीनवर काहीच हललं नाही, माणूस काय करेल? परत दाबेल. मी पण परत दाबलं असतं. आणि सॉफ्टवेअरने निमूटपणे दोन बिलं केली, दोन नंबर दिले, दोनदा स्टॉक वजा केला. ही चूक अण्णांची धरू नकोस प्लीज. एकदा सेव्ह दाबल्यावर ते बटण बंद करून ठेवणं आणि तेच बिल परत आलं तर सर्व्हरने ओळखून नाकारणं, हे लिहिणाऱ्याचं काम आहे आणि ते फार अवघड पण नाही.

आता तू म्हणशील की ताई जुन्या लोकांच्या बाजूने बोलतायत. नाही रे. मे महिन्यात तुझं दुकान आठ दिवस बंद पडल्यासारखं झालं ही खरी गोष्ट आहे आणि बदल करायला ती पुरेशी होती (लाज वाटायची हे कारण मात्र मी मोजत नाही, गिऱ्हाईक तुझा स्क्रीन बघायला येत नाही). काळ्या स्क्रीनचा सगळ्यात मोठा दोष हाच, तो काहीच सांगत नाही. कुठला कोड कुठल्या गोळीचा, एफ-६ ला काय होतं, कंट्रोल-डब्ल्यू कधी दाबायचं, सगळं अण्णांच्या डोक्यात. नवीन पोरगा बसवला तर त्याला लुकलुकणारा कर्सर दिसतो आणि बास. रंगीत स्क्रीनवर निदान बटणावर लिहिलेलं तरी असतं, चाचपडत का होईना पहिल्या दिवशी एक बिल निघतं.

मराठीचंही बघ. त्या स्क्रीनवर आडवी ८० अक्षरं आणि २५ ओळी, प्रत्येक अक्षराला एकाच मापाचा चौकोन, त्यात इंग्रजी बसतं पण वेलांटी, रफार, जोडाक्षर कुठे बसवणार. आमच्या पतसंस्थांच्या मशीनमधे त्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड वेगळं घालावं लागायचं, तेव्हा कुठे पासबुकावर खातेदाराचं नाव मराठीत यायचं. आज तुला मेडिकलवाल्याला मराठीत मेसेज पाठवायचा असेल तर त्याचा विचारही करावा लागत नाही. आणि लाईट गेली की इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायच्या अनुक्रमणिका, उडायचे, मग री-इंडेक्स करत बसा, ते दिवस मला काही गोड वाटत नाहीत.

शिवाय बाबा म्हणतात तसं "जुनं चालू कर" हे किती दिवस? डॉसचे ते जुने प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर सरळ चालतच नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमधेच येतं. विंडोज १० चे नेहमीचे फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. डॉसबॉक्ससारखी (नव्या मशीनवर डॉसचं सोंग आणणारं सॉफ्टवेअर) काहीतरी युक्ती करून ते चालवतात लोक, चालतं पण, तरी प्रिंटरपासून सगळीकडे जुगाड करत राहावा लागतो आणि ज्याने ते सॉफ्टवेअर लिहिलं तो माणूस आता फोन तरी उचलतो का तुमचा? सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधांचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा तो बदल कुणी करून दिला, ते बाबांना विचार. तिथे सगळं उत्तर मिळेल.

तर भांडण काळा विरुद्ध रंगीत असं नाहीचे मुळात. हिशोबाचं ते टॅली सॉफ्टवेअर बघ ना. आपल्याकडचा कुठलाही अकाउंटंट घे, टॅली विंडोजमधे चालतं, खिडकी आहे, रंग आहेत, माउस चालतो, पण माउसला हात कोण लावतं? एफ-८ सेल्स, एफ-९ परचेस, एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, व्हाउचर भरता भरता नवीन लेजर, म्हणजे खातं, लागलं तर आल्ट-सी, झालं की कंट्रोल-ए. आणि ती बटणं बाजूला लिहून पण ठेवलेली असतात, त्यामुळे नवा माणूस बघून शिकतो आणि जुना न बघता मारतो. हे दोन्ही एकाच स्क्रीनवर जमवता येतं, फक्त लिहिणाऱ्याने अण्णांसारख्या माणसाच्या शेजारी कधी बसून बघितलेलं असावं लागतं. तुझ्या व्हेंडरने डेमो कुणाला दिला होता? तुला. ऑफिसात, एसीत, चार बिलं, सावकाश. तुला आवडला कारण तुझं काम वेगळंय, तू दिवसातून दोनदा येऊन आउटस्टँडिंग बघणार, कुठला माल शॉर्ट एक्सपायरी आहे ते बघणार, ग्राफ बघणार, त्याला तो रंगीत माउसवाला स्क्रीन बेस्ट आहे. तो ठेवच. दिवसभर दीडशे बिलं मारणाऱ्याला मात्र दुसरा स्क्रीन लागतो, डेटा एकच असला तरी.

मग व्हेंडरशी काय बोलायचं. "स्लो आहे" असं मोघम बोललास तर तो ट्रेनिंगच विकेल तुला. रेघांचा कागद समोर ठेव आणि एक-एक माग. सगळ्यात पहिलं एंटर. अण्णांच्या बोटात गेली चोवीस वर्षं एंटर म्हणजे पुढचा खाना, आणि ब्राउझरच्या फॉर्ममधे एंटर म्हणजे बऱ्याचदा सरळ सबमिट, म्हणजे अर्धवट बिल सेव्ह. हे एक बदललं तरी अण्णांचा निम्मा राग जाईल, पैज लाव. सेव्हला वेगळं बटण, लांबचं, चुकून न लागणारं. दुसरं, अण्णांचे जुने आयटम कोड. ते कोड त्यांना तोंडपाठ आहेत, जुन्या फाइलमधून ते उचलून नव्या आयटम मास्टरमधे, म्हणजे मालाच्या मूळ यादीत, एका कॉलममधे टाकता येतात, एका दिवसाचं काम आहे, आणि नवीन पोरासाठी नावाची पहिली अक्षरं टाइप करून शोधायची सोय राहूदे, दोघांचं भागतं. एक्सपायरीला कॅलेंडर उघडतं का? औषधाची एक्सपायरी महिना आणि वर्ष, ०८२७ टाइप केलं की ऑगस्ट २०२७, त्याला कॅलेंडर कशाला पाहिजे, लग्नाचा मुहूर्त काढायचाय का. बॅच आपोआप आधी संपणारी पुढे यावी, अण्णांनी नुसतं एंटर मारावं. दहावर एकची स्कीम असेल तर फ्री क्वांटिटी आपोआप यावी आणि बदलायची असेल तरच बदलावी. चूक झाली की आवाज यावा. क्वांटिटीच्या खान्यात असताना माउसचं चाक फिरलं तर आकडा बदलतो का ते पण तपास, काही ब्राउझर फॉर्मना ही घाण सवय असते, दहाचे अकरा होतात आणि कुणाला कळत नाही.

आणि नेट गेलं तर काय, हे विचारलं होतंस का घेताना? नसेल विचारलं. आता विचार.

एक गोष्ट व्हेंडरकडे पण जायची गरज नाही, तुझ्याच हातातली आहे. तू अण्णांना लॅपटॉप दिलास म्हणतोस. त्याला नंबर पॅड आहे का रे? बऱ्याच लॅपटॉपना नसतो. नसेल तर गेले तीन महिने अण्णा वरच्या आडव्या ओळीतून आकडे शोधतायत आणि तू वयाला दोष देतोयस. आजच्या आज एक साधा, मोठा, नंबर पॅडवाला यूएसबी कीबोर्ड आण आणि लॅपटॉपला लाव, शक्य असेल तर जुन्याच कीबोर्डच्या जातीचा, खोल बटणांचा. मोठा स्क्रीन पण जोड, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला.

दोन्ही सॉफ्टवेअर एकत्र चालवायचा विचार मात्र डोक्यातून काढ, थोडी बिलं इकडे थोडी तिकडे असं केलंस तर बॅचवाइज स्टॉक आठवड्यात इतका फाटेल की शिवता येणार नाही. बाबांशी तारीख ठरव. फेब्रुवारीअखेरपर्यंत व्हेंडरने एंटर, सेव्ह, कोड आणि ते डबल बिलाचं दुरुस्त करून दिलं तर पुढे जायचं. नाही दिलं तर कीबोर्डवर चालणारी औषध होलसेलची सॉफ्टवेअरं बाजारात आहेत, त्यातलं एक बघायचं, आणि या वेळी डेमोला खुर्चीवर अण्णा बसतील, तू मागे उभा राहशील. बदल करायचाच झाला तर १ एप्रिलला कर, बिलाची सीरीज तेव्हा नवी होते, क्लोजिंग स्टॉक मोजलेला असतो. मार्चच्या मधे काहीही हलवू नकोस, तू अजून एकही मार्च एंड पूर्ण बघितलेला नाहीयेस असं तुझ्या पत्रावरून वाटतंय. जुन्या मशीनमधल्या डीबीएफ फाइलींची, म्हणजे ज्यात सगळा डेटा आहे त्यांची, मात्र आजच दोन ठिकाणी कॉपी काढ, ती हार्ड डिस्क किती वर्षांची आहे देव जाणे.

अण्णांशी बोलताना "बदल", "ट्रेनिंग", "अपग्रेड" हे शब्द नकोत. एवढंच म्हण की अण्णा, माझं चुकलं, घ्यायच्या आधी तुम्हाला बसवायला पाहिजे होतं, आता मला सांगा यात काय-काय बदलून पाहिजे, मी व्हेंडरकडून करून घेतो. ते आधी "काही नाही, चाललंय" म्हणतील. चहा सांग. मग यादी निघेल, माझ्यापेक्षा मोठी निघेल. आणि मे महिन्यासारखं परत होऊ नये म्हणून एक पोरगा त्यांच्या हाताखाली दे, रोज शेवटची वीस बिलं त्याने मारायची, अण्णांनी शेजारी बसायचं.

व्हेंडरचा माणूस दुरुस्त्या दाखवायला आला की त्याला सकाळी अकराला बोलावू नकोस, सगळं छानच चालतं तेव्हा. चारला बोलव. ऑर्डरच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्या हातात दे, फोन वाजत असू देत, डिलिव्हरीची पोरं दारात उभी असू देत, आणि म्हण की पहिली दहा बिलं तुम्हीच मारा.